याद्या जोडताना गळणारी नावं

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सरकारी कचेरीत, बँकेत, पतसंस्थेत किंवा शाळेच्या ऑफिसात एक वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं : 'तुमचं नाव यादीत नाही.' पूर्वी असं ऐकल्यावर माणूस म्हणायचा, 'नीट बघा साहेब, असेल.' मग साहेब चष्मा लावून पुन्हा वही चाळायचे आणि कधी कधी नाव सापडायचंही. आता साहेब म्हणतात, 'कॉम्प्युटरवर नाही.' त्यापुढे बोलणंच खुंटतं. कॉम्प्युटरच्या यादीत नाव येतं कसं आणि त्यातून ते गळतं कसं, हे आज मला तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठी एसक्यूएल नावाच्या भाषेशी थोडी ओळख करून घ्यावी लागेल. घाबरून जाऊ नका. ज्याला वहीत रकाने आखता येतात, त्याला ही भाषा कळते. रेडिओवरून मला तक्ता दाखवता येणार नाही, तेव्हा जमलं तर कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या कागदापासून करू. सातबारा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही माहीत असतो. पण या नावात दोन आकडे का, याचा विचार आपण क्वचितच करतो. गावच्या महसुली दप्तरात १ ते २१ असे गाव नमुने असतात. त्यातला नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक. जमीन कुणाची, किती, तिच्यावर बोजा कुणाचा, हे त्यात असतं. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. कुठल्या हंगामात कुठलं पीक किती क्षेत्रावर आहे, हे त्यात. पहिली माहिती वर्षानुवर्षं तशीच राहते. खरेदी झाली, वाटणी झाली, वारस लागले, तर बदलते. दुसरी दर हंगामाला बदलते. म्हणून त्या दोन वेगळ्या नमुन्यांत ठेवल्या. दोघांना सांधणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. त्या गटाचा नमुना ७ वर आणि त्याच गटाचा नमुना १२ खाली, असं एका कागदावर घेतलं, की झाला सातबारा.

गंमत इथेच संपत नाही. सातवर नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तो घेऊन नमुना ६ ची फेरफार नोंदवही उघडली, की हे नाव तिथे कसं लागलं ते कळतं. खाते क्रमांक घेऊन आठ-अ पाहिला, की त्या माणसाची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा फक्त क्रमांक द्यायचा, ही ती युक्ती. संगणकवाले ज्याला 'टेबल जॉइन करणं' म्हणतात, ते तलाठीभाऊसाहेब गावात संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत.

संगणकाच्या दुनियेत ही कल्पना रुजायला मात्र १९७० साल उजाडावं लागलं. त्याआधी मोठ्या संगणकांत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचत. एखादी गोष्ट शोधायची, तर कुठल्या फांदीवरून कुठे उतरायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला तोंडपाठ असावं लागे. रचना बदलली, की प्रोग्राम मोडला. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणिती. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक होते आणि पुढे अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. जून १९७० मध्ये त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. तक्त्यांतला दुवा हा त्यांच्यातल्याच एखाद्या रकान्याचा असू द्या. वापरणाऱ्याने आपल्याला काय हवं एवढंच सांगावं. ते कुठून कसं काढायचं हे यंत्राने बघावं. या कामासाठी कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

'काय हवं' ते सांगायला भाषा हवी. ती आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडली. तिचं पहिलं नाव सीक्वेल. ते नाव दुसऱ्या एका कंपनीचं व्यापारचिन्ह निघालं, म्हणून ते आखडून एसक्यूएल केलं. आजही कुणी एसक्यूएल म्हणतं, कुणी सीक्वेल. १९८६ मध्ये अमेरिकेत तिला प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. इतकी वर्षं झाली, संगणक कुठल्या कुठे गेले, पण ही भाषा टिकून आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येसुद्धा तिच्यावर चालणारी एक छोटी माहितीपेटी असते.

आता कागदावर एक तक्ता काढा. वर नाव लिहा 'खातेदार'. त्यात तीन रकाने : खाते क्रमांक, नाव आणि गाव. खाली पाच ओळी. ११ सखाराम, १२ विठाबाई, १३ रामचंद्र, १४ सुमन, १५ यशवंत. सगळे एकाच गावचे, गावाचं नाव समजा वडगाव. ही माणसं माझ्या कल्पनेतली आहेत, पण अशी माणसं तुमच्या गावात नक्की असतील.

या तक्त्याला प्रश्न विचारायचा, तर पहिली आज्ञा सिलेक्ट. सिलेक्ट म्हणजे कुठले रकाने हवेत. फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून. व्हेअर म्हणजे कुठल्या ओळी. 'सिलेक्ट नाव फ्रॉम खातेदार व्हेअर गाव बरोबर वडगाव' असं लिहिलं, की वडगावच्या खातेदारांची नावं समोर येतात. ऑर्डर बाय म्हटलं, की ती क्रमाने लागतात. काउंट म्हटलं, की मोजून मिळतात. ग्रुप बाय म्हणजे गठ्ठे करणं. तालुक्याची यादी असेल, तर 'ग्रुप बाय गाव' म्हटल्यावर गावागणिक किती खातेदार ते कळतं. पोस्टात टपाल वेगळं करताना खणांत पत्रं टाकतात आणि मग प्रत्येक खण मोजतात, तसंच हे. एवढ्या चार-सहा शब्दांवर रोजचं निम्मं काम भागतं.

उरलेल्या निम्म्या कामासाठी दुसरा तक्ता काढा. नाव लिहा 'पासबुक'. समजा, पीक-नुकसानीची मदत द्यायची आहे आणि त्यासाठी लोकांनी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणून दिली आहे. या तक्त्यात रकाने दोनच : जमिनीचा खाते क्रमांक आणि बँकेतल्या खात्याचा नंबर. ओळी चार. त्यात खाते क्रमांक आहेत ११, १२, १४ आणि १९. एकोणीस कुठून आला, हे सध्या विचारू नका.

मदत कुणाला पाठवायची, हे कळायला दोन्ही तक्ते जोडले पाहिजेत. आज्ञा अशी : 'सिलेक्ट नाव, बँक नंबर फ्रॉम खातेदार जॉइन पासबुक ऑन खाते क्रमांक बरोबर खाते क्रमांक.' ऑन नंतर येतो तो दुवा. यंत्र पहिल्या तक्त्यातली एकेक ओळ घेतं, दुसऱ्यात तिचा जोडीदार शोधतं आणि जोडी जमली की ती ओळ यादीत घालतं. यादी येते : सखाराम, विठाबाई, सुमन. नावं तीन, आणि तिन्ही बरोबर. यादी छापली जाते, सही होते, पैसे जातात.

रामचंद्र आणि यशवंत कुठे गेले?

श्रोतेहो, आजच्या बोलण्याचा गाभा हा प्रश्न आहे. नुसतं जॉइन म्हटलं, की यंत्र त्याचा अर्थ 'इनर जॉइन' असा घेतं, म्हणजे दोन्हीकडे असेल तेवढंच ठेव. ज्याची जोडी जमली नाही, ती ओळ यंत्र गाळून टाकतं. गाळताना काही बोलत नाही. लाल अक्षरात सूचना येत नाही, शेवटी 'दोन नावं राहिली' असा शेरा येत नाही. यंत्राची चूक नाही. त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं. पण ज्याने यादी मागितली, त्याच्या हातात स्वच्छ, नीटनेटकी, तीन नावांची यादी येते आणि तीच पूर्ण वाटते. वहीतून नाव खोडलं तर काट दिसते. इथे काट दिसत नाही.

यावर उपाय त्याच भाषेत आहे. जॉइनच्या आधी एक शब्द वाढवा : लेफ्ट. 'खातेदार लेफ्ट जॉइन पासबुक' म्हणजे डाव्या हाताचा तक्ता पूर्ण ठेव, उजवीकडे जोडीदार मिळाला तर लिही, नाही मिळाला तर जागा मोकळी सोड. आता यादीत पाच नावं येतात, आणि रामचंद्र व यशवंत यांच्यापुढे बँक नंबराची जागा मोकळी दिसते. ती मोकळी जागा पाहिली, की माणूस विचारतो, 'यांचं काय झालं?' प्रश्न विचारला जाणं, हीच अर्धी मदत.

आणखी एक पायरी आहे. 'फुल जॉइन' म्हटलं, की दोन्ही बाजू पूर्ण राहतात. आता ओळी सहा होतात. खाली एकोणीस क्रमांकाचं पासबुक एकटं उभं दिसतं, ज्याला गावात खातेदारच नाही. वर तेरा क्रमांकाचा रामचंद्र, ज्याला पासबुक नाही. कागद काढून पाहिला, तर झेरॉक्सवर हाताने लिहिलेला तेरा टाइप करताना एकोणीस झालेला. मराठी ३ आणि ९ घाईत लिहिले, तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे रामचंद्रने कागद दिला होता. यशवंतने खरंच दिला नव्हता. एकाच्या बाबतीत दुरुस्ती हवी, दुसऱ्याला निरोप हवा. इनर जॉइनने या दोघांना एकाच पारड्यात टाकून बाहेर ठेवलं होतं.

आता दुव्याबद्दल. काही ठिकाणी क्रमांक नसतो, म्हणून याद्या नावावरून जुळवतात. याच्याइतकं धोक्याचं काम नाही. माणूस वाचताना 'त्रिंबक' आणि 'त्र्यंबक' एकच धरतो. यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. एकीकडे 'वि. रा. शिंदे' आणि दुसरीकडे 'विठ्ठल रामराव शिंदे' असेल, तरी तेच. नावाच्या सुरुवातीला चुकून एक मोकळी जागा पडली, तरी जोडी जमत नाही. एका पतसंस्थेत लाभांशाची यादी अशी नावावरून जुळवलेली मी पाहिली आहे. एका सभासद बाईंचं नाव जुन्या नोंदीत 'सौ. कमल' असं होतं. मधल्या काळात त्यांचे यजमान गेले. बँकेच्या कागदांत नाव 'श्रीमती कमल' झालं. यंत्राच्या लेखी सौ. कमल आणि श्रीमती कमल या दोन निरनिराळ्या बायका, आणि दोघींपैकी एकीचीही जोडी जमेना. बाई दोनदा विचारून गेल्या. दोनदा उत्तर मिळालं, 'यादीत नाव नाही.' ज्या वर्षी त्या रकमेची खरी गरज होती, त्याच वर्षी ती अडली. पुढे कुणीतरी सभासद क्रमांकावरून यादी जुळवली, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखीही नावं वर आली. म्हणून दुवा शक्यतो क्रमांकाचा असावा. सभासद, गट, खाते, हजेरी, काहीही चालेल, पण माणसागणिक वेगळा आणि न बदलणारा.

जोडताना ओळी गळतात, तशा त्या वाढतातही. हे पटकन ध्यानात येत नाही. समजा, गट क्रमांक ११८, क्षेत्र दोन हेक्टर. सातवर तीन भावांची नावं सामाईक आहेत आणि प्रत्येक नावाच्या ओळीत गटाचं क्षेत्र दोन हेक्टर लिहिलं आहे. बारावर दोन पिकं आहेत, ऊस आणि सोयाबीन. गट क्रमांकावर दोन्ही जोडले, की प्रत्येक भावापुढे प्रत्येक पीक येतं. तीन दुणे सहा ओळी. आता त्या रकान्याची बेरीज मागितली, तर यंत्र दोन हेक्टरचे बारा हेक्टर करून देतं. आकडा गणिताने बरोबर, पण जमीन आहे तेवढीच. एखाद्या अहवालात लागवडीचं क्षेत्र गावाच्या क्षेत्राहून जास्त दिसलं, तर आधी हा संशय घ्यावा. जोडण्याआधी ओळी मोजा, जोडल्यावर मोजा, आणि आकडा का बदलला ते सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. ही सवय मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी लावतो.

मोकळ्या जागेचाही एक स्वभाव आहे. एसक्यूएलमध्ये तिला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. बाराच्या नोंदीत 'पड' लिहिलेलं असेल, तर अर्थ स्पष्ट आहे : जमीन आहे, पेरलेली नाही. पण जागा मोकळी असेल, तर पाहणी झाली नाही, की झाली आणि नोंद राहिली, काहीच कळत नाही. आता तुम्ही विचारलंत, 'ज्या गटांत ऊस नाही ते गट दे.' सोयाबीनचे गट येतील, पड असलेले येतील. मोकळ्या जागेचे गट येणार नाहीत. यंत्र म्हणतं, तिथे काय आहे हे मला माहीत नाही, मग ऊस नाही असं तरी कसं म्हणू? तर्क चोख आहे. फक्त तो माहीत नसलेला माणूस पाहता पाहता नसलेला होतो. अशा नोंदी काढायला वेगळे शब्द आहेत, 'इज नल'. लेफ्ट जॉइन करून शेवटी 'व्हेअर बँक नंबर इज नल' एवढं जोडलं, की फक्त न जुळलेल्यांची यादी मिळते. आमच्या उदाहरणात दोन नावं : रामचंद्र आणि यशवंत. माझ्या मते लाभार्थींच्या यादीइतकीच ही यादी महत्त्वाची आहे. ती काढायला मिनिटभर लागतं.

बदल करणाऱ्या आज्ञांबद्दल थोडक्यात सांगतो. इन्सर्ट म्हणजे नवी ओळ घालणं, अपडेट म्हणजे असलेली बदलणं, डिलीट म्हणजे काढून टाकणं. यांतल्या शेवटच्या दोघींबरोबर व्हेअर लिहायला विसरलं, तर बदल एका ओळीत न होता सगळ्या तक्त्यात होतो. रामचंद्रचा बँक नंबर दुरुस्त करायला जावं आणि सगळ्या गावाला रामचंद्रचा नंबर लागावा, असं. म्हणून जाणती माणसं आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट करून बघतात, किती ओळी येतात ते मोजतात आणि मगच अपडेट करतात. त्याआधी 'बिगिन' म्हणून व्यवहार उघडतात. सगळं नीट दिसलं तर 'कमिट', नाहीतर 'रोलबॅक', म्हणजे होतं तसं परत. पक्क्या शाईने लिहिण्याआधी पेन्सिलने लिहून पाहावं, तसं हे आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना ही भाषा कधी लिहावी लागणार नाही. मग हे सगळं ऐकून उपयोग काय? उपयोग खिडकीपाशी आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करू लागले आहेत. शाळा, दवाखाने, रेशन, निवृत्तिवेतन, सगळीकडे एक यादी दुसरीशी जोडली जाते आणि त्या जोडीवर कुणाला काय मिळणार हे ठरतं. तेव्हा 'यादीत नाव नाही' असं कुणी म्हणालं, तर तिथे थांबू नका. शांतपणे विचारा : 'माझं नाव कुठल्या यादीत आहे आणि कुठल्या यादीशी जुळलं नाही? कशावरून जुळवलं, नावावरून की क्रमांकावरून?' या प्रश्नांना उत्तर असतंच, कारण कुठल्यातरी एका ऑनवर ती जोडी तुटलेली असते.

आणि खिडकीच्या आत बसणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना एवढीच विनंती. यादी काढाल, तेव्हा सोबत न जुळलेल्यांची यादीही काढा आणि दोन्ही यादी साहेबांच्या टेबलावर ठेवा. दुसरी यादी कोरी निघाली, तर उत्तमच. नाही निघाली, तर तुमच्या हातून कुणाचं तरी अडलेलं काम मार्गी लागेल.